मागच्या सीटवर जागा होती

स्वेटर घ्यायला वीरेंद्र वाशीमला गेला तो दिवस शनिवारचा, पंचवीस मे. दुपारचे अडीच वाजले होते. पाटणी चौकात कुत्रंसुद्धा उन्हात उभं नव्हतं. कापड दुकानाचा मालक पंख्यासमोर बनियनवर बसून कलिंगडाची फोड खात होता. वीरेंद्रनं स्वेटर मागितले तेव्हा त्यानं हातातली फोड खाली ठेवली.

“भाऊ, घरी कोनी बिमार हाय का?”

“नाई. फिराले चाललो आमी. बरफात.”

मालकानं शिडी लावली, माळ्यावरून गठ्ठा खाली ओढला. डांबराच्या गोळ्यांचा वास दुकानभर झाला. मापासाठी वीरेंद्रनं एक स्वेटर अंगात घातला आणि तो काढेपर्यंत त्याचा सदरा पाठीला चिकटला. त्यानं दोन स्वेटर घेतले, एक स्वतःला, एक बायकोला. कानटोप्या घेतल्या. हातमोजे नव्हते. “त्याच्यासाठी डिसेंबरात या लागते,” मालक म्हणाला, आणि दोघंही हसले.

जानरावांनी गोष्ट इथून सुरू केली. जऊळक्याला त्यांच्या ओट्यावर. रात्रीचे सव्वादहा झाले होते, विजेची लाइन गेलेली होती आणि स्टेशनातून शेवटची पॅसेंजर निघून गेल्यावर गाव एकदम रिकामं पडल्यासारखं झालं होतं. समोर त्यांचा नातू शिवम आणि त्याचा दोस्त प्रज्वल. गुरुवारी ही दोघं, आणखी दोन पोरं, भाड्याची फोर-बाय-फोर गाडी घेऊन हिमाचलात निघणार होती. मनाली, मग कुंजमचा घाट, मग स्पीती.

“आबा, भुताची हाय का?” प्रज्वलनं विचारलं.

“कशाची हाय थे मले नाई माईत,” जानराव म्हणाले. “वीरेंद्रनं मले एकदाच सांगतली. तुमी थ्याच रस्त्यानं चालले म्हनून सांगतो. मधात हसू नका.”

वीरेंद्र म्हणजे जानरावांचा शेजारी. वाशीमच्या कोर्टात लिपिक. साक्षीदार जे बोलतो ते कागदावर उतरवायचं, हे त्याचं बावीस वर्षांचं काम. किती वाजता पाहिलं, किती पावलांवरून पाहिलं, उजेड होता की अंधार, हे प्रश्न आणि त्यांची उत्तरं रोज त्याच्या बोटांतून जात. त्यामुळं त्याला वेळ पाठ राहायची. बौद्ध घर, भूतखेत, अंगात येणं, उतारा टाकणं यांतलं काही त्याच्या आजोबांच्या काळापासून त्या उंबऱ्यात आलेलं नव्हतं. मुलगी संस्कृती पुण्याला शिकायला गेली आणि घरात दोघंच उरली तेव्हा बायको, साधना, एकदा जेवताना म्हणाली, “मले बरफ पाहाचा हाय. टीव्हीत नाई. हातात घेऊन पाहाचा हाय.” पंचवीस वर्षांच्या संसारात तिनं स्वतःसाठी मागितलेली ही बहुधा पहिलीच गोष्ट. शिवाय तिकडं डोंगरावर जुनं बुद्धविहार आहे, तेही बघायचं होतं.

गाडी मोहनसिंगची. मोहनसिंग शेलूबाजारचा, वीरेंद्रचा शाळेपासूनचा दोस्त. वीस वर्षं त्यानं शेलूबाजार–मंगरूळपीर लाइनीवर काळीपिवळी जीप चालवली होती, नुकतीच चारही चाकांना जोर लागणारी मोठी गाडी घेतली होती. “वीरू, डांबरावर तं कोनीबी चालवते,” तो म्हणाला. “हे गाडी एकदा तिच्या मनासारख्या रस्त्यावर नेऊ.”

नऊ जूनला ते तिघं निघाले. चौथ्या दिवशी मनालीला पोचले. तिथं दोन दिवस थांबले. साधनानं बाजारातून एक जाड ब्लँकेट घेतलं, डबल बेडचं, लाल आणि हिरव्या फुलांचं. पंधरा जूनला, शनिवारी पहाटे, कुंजमच्या वाटेला लागले.

मनालीपुढच्या बोगद्यातून पलीकडं निघाले आणि झाडं संपली. डांबरही थोड्याच वेळात संपलं. एका वळणावर रस्त्याकडेला बर्फाची भिंत उभी होती, वरून धुळीनं काळी पडलेली, आत पांढरी. मोहनसिंगनं गाडी थांबवली. साधनानं खाली उतरून दोन्ही हातांत बर्फ घेतला. तो पूर्ण विरघळेपर्यंत तिनं मूठ सोडली नाही.

“हा हात माहा हायच नाई, असं वाटते,” ती म्हणाली, आणि लहान पोरीसारखी हसत गाडीत येऊन बसली. वीरेंद्र जानरावांना म्हणाला होता, त्या सहलीतलं तिचं हसणं त्याला तेवढं एकच आठवतं.

त्या मुलखात नदीनाले दुपारून चढतात. सकाळी गोठलेलं पाणी उन्हानं सुटतं आणि रस्त्यावरून वाहतं. त्यांचं नेमकं सकाळी एक चाक पंक्चर झालं, दोन तास गेले, आणि मोठ्या नाल्यावर ते पोचले तेव्हा पाणी अर्ध्या चाकाला लागत होतं. पलीकडून येणारे लोक परत फिरत होते. मोहनसिंगनं गिअर खाली टाकला, देवीचं नाव घेतलं आणि गाडी पाण्यात घातली. दगडांवरून आपटत, घसरत ती पलीकडं निघाली. तिघांनी सुस्कारा सोडला. पण आता मागं फिरायचा मार्ग बंद होता, पुढं जाणंच आलं.

कुंजमच्या माथ्यावर सहा वाजून चाळीस मिनिटं झाली. तिथं पताका लावलेलं देवीचं छोटं मंदिर आहे, गाड्या त्याला फेरी मारून पुढं जातात. मोहनसिंगनं फेरी मारली. तेवढ्यात बर्फ पडायला लागला. बारीक, कोरडा, आवाज न करता.

लोसर गाव खाली वीस किलोमीटर. तिथं मुक्काम ठरलेला. तासाभरात पोचू, असा हिशेब होता.

सहा पंचावन्नला, उतारावरच्या तिसऱ्या वळणावर, तो माणूस दिसला.

रस्त्याच्या डाव्या अंगाला एका धोंड्यावर बसला होता. अंगात तपकिरी अर्ध्या बाह्यांचा स्वेटर. डोक्यावर काही नाही. उजवा हात वर केलेला. गाडी थांबवायला आपण हात हलवतो, तसा नव्हता तो. नुसता वर होता. ओळखीच्या माणसाला लांबून दाखवावा तसा.

“थांबवा न,” साधना मागून म्हणाली. “कोनी बसले हायत तिथं.”

मोहनसिंगनं पाय उचलला. गाडी हळू झाली. त्यानं वीरेंद्रकडं पाहिलं.

वीरेंद्र म्हणाला, “चाल तू. अंधार पडून राह्यला. इथलाच असंल कोनी.”

एवढंच. तीन वाक्यं. भीतीही वाटली नव्हती त्याला, रागही नव्हता. दिवसभर दगडांवरून आदळून डोकं बधिर झालं होतं, आणि उबेच्या खोलीशिवाय दुसरं काही त्याला दिसत नव्हतं.

“अहो, पन मांगं जागा हाय न,” साधना म्हणाली.

मोहनसिंगनं पाय दाबला. वीरेंद्रनं बाजूच्या आरशात पाहिलं. माणूस लहान होत गेला. वळण आलं. तोवर हात वरच होता.

“आबा,” शिवम म्हणाला, “थांबाले पाह्यजे होतं राजा.”

“हो,” जानराव म्हणाले. “थे त्याले आता माईत हाय.”

गाडी अडकली आठ वाजून दहा मिनिटांनी. रस्त्याची कडा बर्फाखाली दिसली नाही. डावीकडचं मागचं चाक खाली गेलं आणि गाडीचं पोट दगडावर टेकलं. चारही चाकं फिरत होती, गाडी जागची हलत नव्हती. अर्धा तास दोघांनी दगड लावले, जॅक लावला, बर्फ उकरला. वीरेंद्रची बोटं पांढरी पडली. मग त्यानं पाहिलं तर करंगळीतून रक्त येत होतं आणि त्याला ते समजलंसुद्धा नव्हतं.

“आता सकाळीच,” मोहनसिंग म्हणाला.

फोनला रेंज नव्हती. डिझेल जपून वापरायचं होतं. तासाला दहा मिनिटं इंजिन चालू, हीटर चालू, मग बंद. काच बोटभर खाली, नाहीतर धुरानं आतल्या आत जीव जायचा. मोहनसिंग आणि वीरेंद्र पुढं बसले. दोघांनी चादरी गुंडाळल्या. मागं साधना एकटी, तिच्याकडं ते मोठं ब्लँकेट. साडेनऊला त्यांनी घरून आणलेला चिवडा खाल्ला. वीरेंद्रला त्याची चव लागली नाही.

बोलणं हळूहळू बंद झालं.

अकरा वीसला साधना हलली. सीटवर सरकल्याचा आवाज आला.

“या,” ती म्हणाली. “या इकडं.”

वीरेंद्रला वाटलं, आपल्याला बोलावते. “मी इथंच बरा हाव,” तो म्हणाला.

“तुमाले नाई म्हनलं.”

मोहनसिंगही जागा होता. त्याचा श्वास थांबलेला वीरेंद्रला ऐकू आला.

“मंग कोनाले म्हनून राह्यली?”

झोपेत बोलतात तसा साधनाचा आवाज सपाट होता.

“थे मघाचे. धोंड्यावरचे.”

...

“लय थंडे हायत यायचे हात,” ती म्हणाली.

वीरेंद्रनं मागं वळून पाहिलं नाही. तो जानरावांना म्हणाला, आबा, मान वळत नव्हती असं नाही. मान वळली असती. मीच वळवली नाही.

बारा वाजून तीस मिनिटांनी मोहनसिंगनं हीटरसाठी चावी फिरवली. समोर मीटरच्या काट्यांखाली दिवे लागले. त्यात एक छोटा लाल दिवा लागला आणि घंटी वाजायला लागली. टिंग. टिंग. टिंग. मागच्या सीटवरच्या माणसानं पट्टा लावला नाही की ती वाजते. कोणत्या सीटवरचा, तेही तिथं दिसतं.

उजव्या बाजूला साधना होती. तिनं पट्टा लावलेला होता. ती तशीच टेकून बसली होती.

दिवा डाव्या बाजूचा होता.

“बॅग असंल,” वीरेंद्र म्हणाला.

“बॅगा डिक्कीत हायत,” मोहनसिंग म्हणाला.

टिंग. टिंग. टिंग.

मोहनसिंगनं चावी परत फिरवली. हीटर नको म्हणाला. घंटी थांबली. अंधार झाला. बाहेर बर्फ पडत होता आणि त्याचा काहीच आवाज येत नव्हता.

मग साधना बोलायला लागली. हळू. समजूत काढावी तसं.

“पांघरून घ्या... असं... पांघरून घ्या...”

थोडं थांबून पुन्हा.

“पांघरून घ्या न... माह्याकडं हाय... पांघरून घ्या...”

वीरेंद्रनं हात वर नेला. छतातला दिवा लावला.

साधना उजव्या दाराला अगदी चिकटून बसली होती. बसमध्ये तिसऱ्याला जागा करून द्यावी तशी. डोळे मिटलेले. ब्लँकेट तिच्या अंगावर अर्धंच होतं. उरलेलं अर्धं डाव्या बाजूला पसरलेलं. तिकडं कोणी नव्हतं.

पण ब्लँकेट सीटवर पडलेलं नव्हतं.

उचललेलं होतं. दोन ठिकाणी. गुडघ्यांवर उचललेलं असतं तसं.

“बंद कर,” मोहनसिंग म्हणाला. तो समोर काचेकडं पाहत होता. “वीरू. बंद कर थो लाइट.”

वीरेंद्रनं दिवा बंद केला.

त्याला त्रिशरण म्हणायचं होतं. पहिली ओळ मनात आली. दुसरी आली नाही. रोज सकाळी म्हणत आलेली दुसरी ओळ त्याला आठवेना. मग त्याला मागं बसलेल्याला सांगायचं होतं. चूक झाली. थांबायला हवं होतं. तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. ओठ जागेवर आहेत की नाहीत, ते कळत नव्हतं.

घड्याळात एक चाळीस झाले.

आणि मागं कोणीतरी बोलायला लागलं.

पुरुषाचा आवाज. अगदी बारीक. शब्द कळत नव्हते. मराठी नव्हती. हिंदीही नव्हती. दोन शब्द. मग गप्प. मग एक शब्द. मग गप्प. समोरचा काय म्हणतो ते ऐकून घ्यावं, मग बोलावं, तसं. मध्ये साधना. पांघरून घ्या. मग पुन्हा तो.

वीरेंद्रला वाटलं, मोहनसिंग देवाचं म्हणतोय.

मोहनसिंगला वाटलं, वीरेंद्र म्हणतोय.

दोघांनी एकदमच एकमेकांकडं पाहिलं. दोघांची तोंडं मिटलेली.

...

ते दहाएक मिनिटं चाललं. मग थांबलं.

त्यानंतर काही नाही. काहीच नाही. नुसती थंडी. पाय गेले, मग हात गेले, मग भीतीसुद्धा गेली. वीरेंद्र पाच वाजेपर्यंत डोळे उघडे ठेवून बसला. त्याला काही वाटत नव्हतं.

जानराव थांबले. अंधारात त्यांनी पाण्याचा तांब्या चाचपला, दोन घोट घेतले.

सव्वापाचला उजाडलं. बर्फ थांबला होता, आभाळ निळं, आणि डोंगर असे स्वच्छ की डोळे दुखावेत. साधना जागी झाली, स्वेटर नीट केला आणि विचारलं, “चहा भेटंल का कुठं?” डाव्या बाजूचं ब्लँकेट सीटवर सपाट पडलं होतं. रात्रीचं ती काही बोलली नाही. त्यांनी विचारलं नाही.

सहा वाजता खालून एक ट्रक आला. रस्त्यावर काम करणारे मजूर होते, त्यांचा पंजाबी मुकादम होता. त्यांनी तारेचा दोर बांधून दहा मिनिटांत गाडी ओढून काढली. मुकादमानं थर्मासमधला चहा दिला. मग म्हणाला, कालपासून आमचा एक माणूस परत आलेला नाही. दुपारी एकटाच वर गेला होता, सामान राहिलं होतं ते आणायला. सोनाराम नाव. झारखंडचा.

“रास्ते में कोई दिखा आपको?”

मोहनसिंग चहाकडं पाहत राहिला. साधना म्हणाली, “हाँ. दिखा था. हम थांबे नहीं.”

सगळे वर गेले. तिसऱ्या वळणावर तो धोंड्यावर होता. बसलेला. अंगावर बोटभर बर्फ. उजवा हात वर.

मजुरांनी त्याला तसाच उचलला, कारण हात खाली येत नव्हता.

लोसरच्या चौकीत वीरेंद्रनं जबानी दिली. बावीस वर्षं तो दुसऱ्यांच्या जबान्या उतरवत आला होता, त्यामुळं त्यानं सगळं नीट, क्रमानं सांगितलं. सहा वाजून पंचावन्न मिनिटं. उतारावरचं तिसरं वळण. डावी बाजू. अंतर दहा पावलं. उजेड पुरेसा. शिपाई लिहीत होता; साधनाचाही फोन नंबर त्यानं लिहून घेतला. मग त्यानं पेन थांबवून विचारलं, “तब ज़िंदा था?”

वीरेंद्र खुर्चीवरून उठला.

बाहेर येऊन त्यानं साधनाला विचारलं. ती म्हणाली, “हो. त्यायनं माह्याकडं पाह्यलं. मान वळवली होती.” मोहनसिंगला विचारलं. तो म्हणाला, “नाई वीरू. थो हललाच नाई. थो तवाच गेला होता.” पुढं काझा गावच्या दवाखान्यात डॉक्टरला विचारलं. डॉक्टर तरुण होता, थकलेला होता. म्हणाला, एवढ्या थंडीत नेमकी वेळ सांगता येत नाही. दुपारी चारनंतर कधीही. रात्री दहापर्यंत कधीही.

सहा तास. त्यात कुठंतरी त्यांची गाडी तिथून गेली होती.

विहार बघायला ते गेले नाहीत. परत फिरले. वाटेत कोणी भांडलं नाही, रडलं नाही. दिल्लीच्या पुढं ऊन लागलं, स्वेटर निघाले, तरी वीरेंद्रची दोन बोटं सुन्नच होती. मोहनसिंगनं त्यांना जऊळक्याला सोडलं आणि चहासुद्धा न घेता गेला. महिन्याच्या आत त्यानं ती गाडी दुसऱ्याला दिली. आता तो पुन्हा शेलूबाजारच्या लाइनीवर जुनी जीप चालवतो, आणि रस्त्यात कोणी हात केला, जीप कितीही भरलेली असो, थांबतो. लोक शिव्या देतात, तरी थांबतो.

वीरेंद्र कोर्टात जायला लागला. साधना घरकामाला लागली. दोघं जेवायची, झोपायची. भिंतीपलीकडून जानरावांना त्यांचा आवाज यायचा नाही. घरात माणसं आहेत की नाहीत, असं वाटायचं.

“पुढचं म्या सोता आइकलं,” जानराव म्हणाले. “हे काई कोनी सांगतलेलं नाई.”

सात जुलै, रविवार. संध्याकाळचे साडेसात. पेन्शनच्या अर्जातली एक ओळ कळत नव्हती म्हणून जानराव वीरेंद्रकडं गेले होते. वीरेंद्र चष्मा लावून अर्ज वाचत होता. साधना खाली बसून कणीक मळत होती. तिचा फोन वाजला. नंबर बाहेरचा.

“पाहा न कोनाचा हाय,” ती म्हणाली. “माहे हात भरले.”

वीरेंद्रनं फोन उचलून स्पीकरवर लावला आणि तिच्यासमोर धरला.

बाईचा आवाज होता. दबकत बोलणारा. “दीदी, मैं सोनाराम की घरवाली बोल रही हूँ। दुमका से। पुलिस के काग़ज़ में आपका नंबर था।”

साधनाचे हात थांबले.

“आपका बहुत उपकार है, दीदी। उस रात आपने उनको गाड़ी में बैठा लिया।”

वीरेंद्रनं फोन आणखी जवळ धरला.

“उन्होंने मुझे फ़ोन किया था न। बोले, गाड़ी मिल गई है। दीदी के बगल में बैठा हूँ। बोले, अब ठंड नहीं लगती।”

वीरेंद्रनं विचारलं. आवाज त्याचा वाटतच नव्हता. “किस वक़्त?”

“रात में। देर से। रुकिए, भैया, दिखाती हूँ।”

फोन हातात थरथरला. फोटो आला होता. तिनं आपल्या फोनच्या पडद्याचा काढलेला, थोडा हललेला. वीरेंद्रनं पाहिला. मग जानरावांकडं धरला. आलेला कॉल. सोनारामचं नाव. सोळा जून, रात्री एक वाजून चाळीस मिनिटं. अकरा मिनिटं.

“पर ठेकेदार का आदमी कुछ और बोलता है,” ती बाई सांगत होती. “बोलता है, फ़ोन उनकी पेटी में था, नीचे कैंप में। आठ दिन से बंद पड़ा था। और वहाँ टावर भी नहीं है। मेरी समझ में नहीं आता, भैया।”

मग ती थांबली. मागं कुठंतरी लहान मूल रडत होतं.

“गाड़ी में थे न वो? आपके साथ थे?”

...

“फिर मर कैसे गए?”

वीरेंद्रनं फोन धरून ठेवला होता. त्याचा अंगठा काचेवर पांढरा पडला होता. तोंड उघडलेलं होतं.

साधना खाली पाहत होती. परातीत.

“कोई बात नहीं,” ती बाई म्हणाली. “एक बात पूछूँ, दीदी? जब वो बोल रहे थे, तो पीछे से आप कुछ कह रही थीं। बार-बार। मैंने याद रखा है, पर मतलब नहीं जानती।”

तिनं ते शब्द सावकाश उच्चारले. तुटक, चुकत, पण स्पष्ट.

“पांघ...रून घ्या। पांघरून घ्या। ये क्या होता है?”

साधनानं मान वर केली. कणकेचे हात तसेच पुढं धरलेले.

“ओढ़ लो,” ती म्हणाली.